फेझंट टेल निंफ: कुबड जाड होतं, तार तुटते, आणि बांधलेली निंफ बुडतच नाही

एव्हनकाठ (प्रश्न)

इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा रक्षक फ्रँक सॉयर याच्या मूळ पद्धतीने फेझंट टेल निंफ बांधतो आहे, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी, ट्राउटसाठीची कृत्रिम माशी. दोरा अजिबात नाही, फक्त तांब्याची तार आणि नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू. गळ १४ नंबरचा, सरळ दांड्याचा. ज्या पाण्यावर वापरायची आहे ती विल्टशरमधली चॉक स्ट्रीम (खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या स्वच्छ पाण्याची नदी) आहे. तिथे १ जुलैपासून निंफला परवानगी आहे आणि टाकायची ती फक्त प्रवाहाच्या वरच्या दिशेला.

अडचणी अशा:
१. ०.२ मि.मी. तार घेतली तर वक्षावरचं कुबड वाटाण्यासारखं होतं. बारीक तार घेतली तर शेवटच्या गाठीला तुटते.
२. पिसाचे तंतू तारेबरोबर पिळताना मध्येच तुटतात.
३. निंफ पहिले पाच-सहा कास्ट (फेकी) पृष्ठभागावरच तरंगते. पुढे बुडते, पण मासा जवळ येऊन वळून जातो.

पीकॉक हर्लचं (मोरपिसाच्या तंतूंचं) वक्ष आणि पाय असलेली अमेरिकन आवृत्ती बांधता येते, पण मूळचीच नीट शिकायची आहे.

---

तांबडीतार

मूळचीच शिका. अल ट्रॉथची अमेरिकन आवृत्ती चांगलीच आहे, पण ती वेगळी माशी आहे. सॉयरने पाय मुद्दाम गाळले, कारण त्याच्या एव्हनवरच्या बीटिस वंशातल्या ऑलिव्ह किड्यांच्या निंफ पोहताना पाय अंगाशी घट्ट धरतात. दिसतं ते काय, तर निमुळतं शरीर, शेपट्या आणि पंख फुटायच्या आधी फुगलेली वक्षाची काळसर गाठ. कुबड म्हणजे तीच गाठ. ती शरीराच्या दुप्पट जाडीची असली की पुरे.

तार ०.१ मि.मी.च्या आसपास घ्या. ०.२ ने तीन थर दिले की कुबड हाताबाहेर जाणारच.

क्रम असा ठेवा. गळाच्या डोळ्यामागे (दोरा ओवायच्या भोकामागे) मिलिमीटरभर दांडा मोकळा सोडा आणि तिथून वाकणापर्यंत (गळ वळतो तिथपर्यंत) तारेचा एकच सपाट थर द्या, वेढ्याला वेढा लागून. तार परत पुढे आणा आणि दांड्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात पुढे-मागे तीन थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आखूड, म्हणजे कुबडाला दोन्हीकडे उतार येतो. मग तार वाकणापाशी न्या. मोकळा सोडलेला तो मिलिमीटर शेवटपर्यंत जपा. तो भरला की शेवटच्या गाठीला जागा उरत नाही, वेढे डोळ्यावर चढतात आणि त्याच्या कडेला घासून तार तुटते. तुमची पहिली अडचण बहुतेक इथली आहे.

तंतू शेपटीच्या मधल्या लांब पिसाचे, तांबूस बाजूचे. १४ नंबरला चार, १६ ला तीन. पिसाच्या दांडीशी काटकोनात ओढून धरा, टोकं आपोआप एका रेषेत येतात, मगच कापा. टोकं वाकणामागे ३ मि.मी. बाहेर ठेवून तारेच्या दोन-तीन वेढ्यांनी बांधा. याच शेपट्या. पाच-सहा मि.मी. लांब ठेवल्या तर माशी बेढब दिसते.

आता तंतू आणि तार एकत्र पिळायचे. पीळ हलका हवा, सेंटिमीटरला दोन-तीन. दोरखंडासारखा पीळ देऊ नका. तंतू कोरडे असले की कडकडून तुटतात, म्हणून पिळण्याआधी ओल्या बोटांमधून एकदा फिरवून घ्या. तरीही तुटत असतील तर पीस जुनं, वाळकं आहे. ते बाजूला टाका. पिळलेली वात वाकणापासून डोळ्यामागच्या मोकळ्या जागेपर्यंत गुंडाळा. तार तंतूंत मिसळलेली असल्याने माशाच्या दातांनी तंतू तुटला तरी शरीर उलगडत नाही.

डोळ्यापाशी तार तंतूंपासून सोडवा, एक वेढा देऊन तंतू पक्के करा आणि तार कुबडाच्या मागच्या कडेला न्या. तंतू कुबडावरून मागे दुमडा, दोन वेढे. तार पुढे, तंतू पुढे, दोन वेढे. लांबी उरली तर आणखी एकदा मागे-पुढे. शेवटी डोळ्यामागे तीन अर्धगाठी.

गाठ ओढताना तार दांड्याच्या रेषेत, हळू ओढा. झटका दिला किंवा तारेला कुठे मुरड पडलेली असली की ती तिथेच जाते. उरलेली तार चांगल्या कात्रीने कापू नका, पात्याला दाते पडतात. मुळाशी दोन-चार वेळा हलवली की स्वच्छ तुटते. वार्निश लागत नाही.

---

पुण्याचा_गळ

तारेबद्दल. भारतात असाल किंवा येणं-जाणं असेल तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ४२ गेजची तार मागा. ब्रिटिश गेजनुसार ती ०.१ मि.मी. भरते. ४० गेज ०.१२ ची, ती १२ नंबरच्या गळाला बरी. ४४ गेज ०.०८ ची, १६ आणि १८ साठी. तिच्यावरचं तांबूस इनॅमल काढू नका, तोच रंग निंफला हवा असतो आणि तार काळीही पडत नाही. रिळावरून तार बाजूने ओढली की गुंडाळे पडतात आणि गुंडाळ्याची मुरड होते. रीळ बॉबिनमध्ये (रीळ धरायच्या साधनात) लावून ते फिरेल असं ओढा.

निंफ न बुडण्याचं कारण तेल आहे. पिसावर नैसर्गिक तेल असतं, त्यात बांधताना बोटांचं तेल लागतं. त्यावर उपाय मुलतानी माती. एक चमचा मुलतानी माती, घट्ट लापशी होईल इतकंच ग्लिसरीन, आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. छोट्या डबीत भरून ठेवा. चिमूटभर घेऊन निंफवर चोळा आणि पाण्यात धुवा, पहिल्याच कास्टला बुडते. टिपेटच्या, म्हणजे माशी बांधलेल्या बारीक दोऱ्याच्या, शेवटच्या दोन फुटांनाही चोळा. त्याने चकाकी जाते आणि टिपेट पृष्ठभाग फाडून खाली जातं. मासा वळून जाण्यामागे बऱ्याचदा हे तरंगतं टिपेटच असतं. उन्हात त्याची सावली तळावर स्पष्ट उमटते.

ही पेस्ट कोरड्या (पाण्यावर तरंगवायच्या) माशीच्या डबीजवळ नेऊ नका. एका बोटाच्या स्पर्शाने हॅकल (माशीभोवती गुंडाळलेलं पीस) भिजते आणि माशी दिवसभर बुडत राहते.

---

चॉकस्ट्रीम

बांधणीचं वर आलंच आहे. मासा वळून जाण्याबद्दल लिहितो, कारण ती चूक गळावर कमी आणि काठावर जास्त असते.

लीडर (मुख्य दोरी आणि माशी यांमधला निमुळता दोरा) ९ फूट, शेवटी ५एक्स म्हणजे ०.१५ मि.मी. टिपेट. लीडरच्या जाड भागाला ग्रीस लावून तो तरंगता ठेवा, शेवटचे दोन-अडीच फूट मात्र बुडते हवेत. तरंगता भाग पाण्यात जिथे शिरतो तो ठिपका म्हणजे तुमचा चावा-दर्शक. तो थबकला, बाजूला सरकला किंवा इंचभर आत ओढला गेला की काठी उचला.

निंफ माशाच्या पातळीवर पोहोचायला वेळ लागतो. सरळ खाली पाहिलं तरी पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं, काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. दोन फूट वाटतं तिथे मासा पावणेतीन फुटांवर असू शकतो. म्हणून मध्यम प्रवाहात त्याच्यापासून दीड-दोन मीटर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. डोक्यावर टाकलेली निंफ त्याच्या वरून निघून जाते. तो उत्सुकतेने उठतो, उशीर झालेला असतो आणि परत वळतो. तुम्ही वर्णन केलं आहे ते हेच असावं.

आता सॉयरची खरी युक्ती. निंफ माशाच्या तोंडापुढे फूटभर आली की काठीचं टोक सावकाश वीतभर उचला. झटका नको. निंफ खालून वर उठते, पृष्ठभागाकडे निघालेल्या खऱ्या निंफसारखी, आणि मासा विचार न करता झेपावतो. मासेमारीवर लिहिणाऱ्या ऑलिव्हर काइटने हेच तंत्र ‘इंड्यूस्ड टेक’ या नावाने गाजवलं. तो तर नुसत्या तांब्याच्या तारेचं वक्ष दिलेल्या गळावर, एकही तंतू न बांधता, ट्राउट पकडत असे. हालचाल किती महत्त्वाची, हे त्यावरून कळावं.

मासा दिसत असेल तर लीडर विसरा, त्याचं तोंड पाहा. आतली पांढरी बाजू क्षणभर चमकली की उचला. निंफ दिसण्याची वाट पाहिलीत तर त्याने ती थुंकलेली असते.

नियमाचंही बघा. चॉक स्ट्रीमवर फक्त कोरडी माशी वापरावी की निंफही, हा जुना वाद आहे. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली होती आणि निंफ मासेमारीचे प्रवर्तक जी. ई. एम. स्क्यूज निंफच्या बाजूने उभे होते. त्याचे अवशेष म्हणजे तुमच्या पाण्यावरची १ जुलैची तारीख. तांब्याची तार बहुतेक ठिकाणी चालते, पितळी किंवा टंगस्टनचा मणी अनेक ठिकाणी चालत नाही. त्या पाण्याच्या मासेमारीच्या तिकिटामागे छापलेलं असतं. रॉड लायसन्स (सरकारी मासेमारी परवाना) वेगळं, तेही खिशात असू द्या.

---

तीर्थनवाला

हिमाचलात ही निंफ वापरणाऱ्यांसाठी थोडं. तीर्थन नदीसारखं पाणी उतारावरून धावतं, दगडांमधून फुटतं. तिथे १४ नंबरची मूळ निंफ तळाशी पोहोचण्याआधीच वाहून जाते. १२ नंबरचा गळ, ४० गेज तार, कुबडाखाली एक थर जास्त, आणि टाकायची जागा मोठ्या दगडामागचं शांत पाणी. लांब लीडरपेक्षा काठी उंच धरून दोरी पाण्याबाहेर ठेवणं तिथे कामाचं. वितळत्या बर्फाने पाणी दुधाळ झालं असेल तर ही बारीक गडद माशी दिसत नाही, ते दिवस हिच्यासाठी नाहीत. परवाना मत्स्य विभागाचा घ्यावा लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते.

---

एव्हनकाठ

४२ गेज आणि मोकळा मिलिमीटर, दोन्हींनी फरक पडला. गाठ आता तुटत नाही. एकच शंका: शेपटीचे चार तंतू एकत्र चिकटून जाड काडीसारखे दिसतात. ते पसरवायचे का?

---

तांबडीतार

थोडेच. तंतू बांधायच्या आधी वाकणापाशी तारेचे दोन वेढे एकावर एक देऊन बारीकशी गाठ करा, आणि तंतू तिच्यावर टेकवून शेवटचा वेढा तिच्या पुढच्या बाजूला घट्ट द्या. टोकं आपोआप उकलतात. पंख्यासारखी पसरू देऊ नका, नाहीतर कास्ट करताना निंफ गरगरते आणि टिपेटला पीळ बसतो. पाण्यात धरून बघा: ओली झाल्यावर टोकांमध्ये केसभर फट दिसली की झालं.