इंदूर ते धुळे मोटरहोमने: घाट उतरताना ब्रेक आणि वजन

राऊकर: दिवाळीत सहकुटुंब भाड्याच्या मोटरहोमने (आत बेड, गॅस असलेली राहायची गाडी) नाशिकला जायचं ठरतंय. ट्रॅव्हलर मिनीबसच्या चॅसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली डिझेल गाडी, हाताचे गिअर, मागे जोडटायर, छतावर एसी. हात कारवर बसलेला आहे. मानपूरच्या पुढचा घाट आणि सेंधव्यानंतरचा बिजासन, इंदूरहून जाताना दोन्ही उताराचेच. कारसारखं ब्रेकवर उतरवलं तर चालेल? आणि सामान, पाणी भरताना काय बघायचं?

उतारगिअर: नाही चालणार, दादा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनिंग (चाकाच्या ड्रमवर घासून गाडी थांबवणारा थर) तापतं आणि त्याची पकड सुटते. ड्रमही गरम होऊन प्रसरण पावतो, मग पेडल दर वेळी जरा जास्त खाली जातं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर खरा धोका. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल साधारण २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपासच. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं ते मालकाला विचारा. दोन वर्षं उलटली असतील तर बदलून द्यायला लावा.

उतार लागायच्या आधी, सपाटीवरच खालचा गिअर टाका. तिसऱ्यात ब्रेक न लावता वेग वाढत राहिला तर दुसरा टाका, आणि तोही वेग फार वाढण्याआधी. नंतर गिअर पडेलच याची खात्री नाही. ४० ची मर्यादा धरा. काटा ४० वर आला की ब्रेक ठाम दाबून ३० वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा ४० झाला की पुन्हा तसंच. मधल्या वेळात ड्रम थोडा निवतो. न्यूट्रल नाही, क्लच दाबून उतरणं नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही: पेडलच्या दाबाला जोर देणारा ब्रेकचा व्हॅक्यूम बूस्टर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत त्याची मदत संपते.

जळका वास आला तर रस्त्याबाहेरची मोकळी, सपाट जागा बघून थांबा. चाकांना लाकडी ठोकळे लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

धर्मकाटा: वरचं सगळं बरोबर, पण निम्मं काम इंदुरातच होतं. टाक्या, सामान, माणसं, सगळं भरून गाडी धर्मकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी म्हणजे मागच्या एक्सलचा भार. दोन्ही आकडे गाडीवरच्या वजनाच्या प्लेटवरील मर्यादेशी ताडून बघा. मागच्या चाकांच्याही मागे जड सामान लादलं की पुढचा एक्सल हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड जाते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घाटात टाकी जवळजवळ रिकामी ठेवा, पाणी धुळ्यात भरा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, वळणावर पाणी हिंदकळतं.

जोडटायरपैकी आतल्याची हवा गेजनं, टायर थंड असताना तपासा. तो बसला तर बाहेरून कळत नाही. सगळा भार बाहेरच्यावर येतो, तो तापतो आणि फुटतो. दोन टायरांमध्ये दगड अडकलाय का, तेही बघा. टायरवरचा चार आकडी शिक्का म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर गाडी सरळ नाकारा.

लांबमागा: एसीसकट उंची टेपनं मोजून डॅशबोर्डवर लिहा, रेल्वेखालच्या बोगद्याआधीची उंची अडवणारी लोखंडी कमान कोणाची गय करत नाही. मागचं चाक ते बंपर हे अंतर जितकं जास्त, तितकं मागचं टोक वळताना उलट बाजूला फेकलं जातं. पेट्रोल पंपावरून डावीकडे वळताना उजवा मागचा कोपरा मशीनला लागतो, म्हणून आधी थोडं सरळ पुढे या. खलघाटच्या नर्मदा पुलावर आडवा वारा असेल तर ६० च्या वर नको. ट्रक आपल्याला ओलांडून जाताना गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. स्टिअरिंगला झटका देऊ नका.

राऊकर: धन्यवाद सगळ्यांना. मुलं मागच्या बेडवर झोपली तर? आणि गॅस?

उतारगिअर: चालत्या गाडीत बेडवर कोणीही नको. प्रत्येकजण सीटवर, पट्टा लावून. सिलिंडर उभा आणि पट्ट्यानं बांधलेला, निघण्याआधी रेग्युलेटर बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती खाली साचते; म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका आहे ना, आणि तो सामानानं बुजलेला नाही ना, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा.