मदत हवी आहे : मुंबईतील मूषकसंहाराच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

सप्रेम नमस्कार. 1896 साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हापासून मुंबईत उंदरांचा बंदोबस्त कसकसा होत गेला याची माहिती मी जमवत आहे. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली कराचीत प्लेग पसरवणाऱ्या म्हणून उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, तरी त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई शहर सुधार न्यासाचा (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा) भर कोंदट चाळी पाडून हवा-उजेड आणण्यावरच राहिला. उंदरांपेक्षा गरिबांच्या घरांवरच राग काढला गेला, असे माझे मत आहे. पुढे 1905 नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत शहरातून पकडून आणलेले असंख्य उंदीर चिरून तपासले.

हा भाग इंग्रजी अहवालांत सापडतो. अडचण पुढची आहे. काठी आणि विजेरी घेऊन रात्रभर गल्लीबोळ पालथे घालणाऱ्या आणि सकाळी मेलेले उंदीर मोजून देणाऱ्या महापालिकेच्या मूषकसंहारकांविषयी, विशेषतः त्यांची भरती, वेतन आणि रोजच्या 30 उंदरांच्या अटीविषयी, मराठीत जुने लेखन, कामगार संघटनांची पत्रके किंवा कुटुंबांतील आठवणी कुणाकडे आहेत का? महापालिकेच्या अभिलेखागारात अर्ज नेमका कोणत्या खात्याच्या नावाने करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.