बाळ सांभाळायला पुण्यात आलेल्या बायका: अनुभव धागा

पुण्यात बाळ सांभाळण्याच्या कामाला निघालेल्या बाईला दोनच गोष्टी सांगितल्या जातात, पगार किती आणि पत्ता कुठला. बाकीचं सगळं इथे आल्यावर जिचं तिने निभवायचं. झोपायचं कुठे, जेवायचं कधी, रात्री बाळ उठलं तर घ्यायचं कोणी, सुट्टी मागायची कशी, आणि आपलं लेकरू गावाला ठेवून दुसऱ्याचं छातीशी धरायचं ते कोणत्या मनाने.

मी हे काम आधी कोथरूडला आणि नंतर बाणेरला केलं. गुडघ्यांमुळे आता थांबले आहे, पण नव्या मुलींचे फोन येतच असतात आणि प्रश्नही तेच असतात. माझं म्हणणं असं की काम शिकता येतं, अडतं ते न बोललेल्या गोष्टींपाशी. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. टायपिंग जमत नसेल तर बोलून पाठवा, मी तुमच्याच बोलीत उतरवून घेईन. कुणा कुटुंबाचं, सोसायटीचं किंवा ब्युरोचं, म्हणजे काम लावून देणाऱ्या एजन्सीचं, नाव मात्र घालू नका. ज्यांच्या घरी बाळासाठी बाई आहे त्यांनीही लिहावं.

मूळ बीड जिल्हा, आता बाणेर (बोलून पाठवलेलं)

आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मीबी जायची. मालक वारले, मग एकटीला कोन घेईना. कोयता म्हंजे नवराबायकोची जोडी लागती. चुलत जावेनं हितं काम लावून दिलं.

गेटवर फोटो काढला, आधारची झेरॉक्स घेतली, पोलिसाचा कागद भरून घेतला. पयल्या दिवशी समोरच्या लिफ्टमधी चढले तर वॉचमन म्हनला, मावशी, तुमची ती मागची. कामवाल्या बाया आन सामान त्या लिफ्टनं. बाळ कडेवर असलं की पुढच्या लिफ्टनं चालतंय, बाळ नसलं की नाही. ते मनाला लागलं. आजबी लागतं.

घरची मानसं चांगली हायेत, हिंदी बोलत्यात. पर जेवन म्हंजे दोन फुलके आन वाटीभर भाजी. माझं अंग उसात कष्ट करून वाढलेलं, तेवढ्यानं काय व्हतंय? आन मागावं कसं? रात्री लेकराला थोपटताना पोटात कावळे वरडायचे. शेवटी ताईला म्हनले, मला भाकरी लागती, ज्वारीचं पीठ आनून द्या, मी माझी करून घेते. त्यांनी त्याच दिवशी पीठ मागवलं. म्हनाल्या, आधी का नाही सांगितलं, मला वाटलं तुमची भूकच तेवढी. आता रविवारी त्याबी भाकरी खात्यात. नव्या पोरींनो, भूक सांगायला लाजू नका. उपाशी बाईच्या हातात लेकरू देऊ नये.

धायरी ते औंध, दिवसपाळी

मी राहायला नाही, सकाळी जाऊन रात्री घरी येते. त्यामुळे माझा जीव बसमध्ये अडकलेला. बाळाच्या आईचं काम ९ ला सुरू होतं, त्याआधी मला हजर व्हायचं असतं. सिंहगड रोडला वाहतूक तुंबली की संपलं. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा खाडा धरायचे. मी एके दिवशी शांतपणे सांगितलं की संध्याकाळी तुमची मीटिंग लांबते तेव्हा मी अर्धा-पाऊण तास जास्त थांबते, तेही लिहू या. फ्रिजवर कागद लावला, येण्याची वेळ आणि निघण्याची वेळ. महिना संपायच्या आत खाडा धरणं बंद झालं. भांडण करावं लागलं नाही.

बायकांसाठीची तेजस्विनी बस मिळाली तर बरं पडतं, बसायला जागा मिळते. दर महिन्याच्या ८ तारखेला त्या बसला बायकांना तिकीट लागत नाही.

मूळ वाशीम, आता खराडी

मी छोटा कोर्स करून आले, तरी पहिल्या घरात सगळं नवं होतं. आईचं काढलेलं दूध तारीख-वेळ लिहून फ्रीजरमध्ये ठेवायचं. देताना बाटली कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, आणि बाळाने पिऊन उरलेलं पुन्हा साठवायचं नाही. पावडरचं दूध असेल तर पाणी आधी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट मापाने पावडर. दूध पातळ केलं तर बाळाचं पोषण होत नाही. हे सगळं थोड्या दिवसांत हाताला बसतं.

अवघड असतं ते घरातल्या दोघींच्या मध्ये उभं राहणं. बाळ दोन महिन्यांचं असताना आजी आल्या. फार मायाळू बाई. येताना सहाण आणि बाळगुटीचं सगळं सामान घेऊन आल्या, हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, खारीक, बदाम. मला म्हणाल्या, वेढे दे, मधात कालव आणि चाटव. बाळाची आई आतल्या खोलीत दार लावून कॉलवर. तिने मला आधीच सांगून ठेवलेलं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. आजींना नाही म्हणावं तर मी उर्मट, आणि चाटवावं तर त्या आईचा विश्वास मोडला.

मी सहाण धुऊन ओट्यावर ठेवली. म्हटलं, आजी, ताईंचा कॉल संपू द्या, आपण तिघी बसून बोलू. आजी रुसल्या. दुपारी बसलो तेव्हा मला शिकवलेलं ते मी सांगितलं. मधात कधीकधी एक जंतू असतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात तो वाढतो आणि विष तयार करतो. बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही, रडण्यातला जोर जातो. मोठ्या माणसांच्या पोटात तो वाढत नाही, आणि दर मधात तो नसतोही. म्हणून तुम्ही दिलात तेव्हा काही झालं नाही, हे खरंच आहे. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मालिश तरी मी करू ना? तेव्हापासून मालिश आजींची आणि आंघोळ माझी. त्यांच्या हातात जे कसब होतं ते मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नव्हतं. पोटावर हात कसा गोल फिरवायचा, गॅस धरला की पाय कसे दुमडायचे, ते मी त्यांच्याकडून घेतलं.

पहिल्याच दिवशी विचारून घ्या, बाळाच्या खाण्यापिण्यात आणि औषधात शेवटचा शब्द कोणाचा. आणि शक्य असेल तर ते सगळ्यांच्या समोर विचारा.

वाकड, बाळाची आई

मी घरची बाजू लिहिते. आमच्याकडे ताई आल्या त्या दिवशी आम्ही एक पान लिहून काढलं. कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी, आजारपणाचे दिवस पगारी, रात्री बाळ उठलं तर कोणत्या रात्री मी आणि कोणत्या रात्री त्या. फक्त बाळाचं काम, घरचं झाडणं-पुसणं नाही. हॉलमधला कॅमेरा मी त्यांना दाखवला आणि तो माझ्या फोनवर कसा दिसतो तेही दाखवलं. त्या झोपतात त्या खोलीत कॅमेरा नाही.

कठीण गेलं ते वेगळंच. बाळ धडपडलं की मी शेजारी असूनही ताईंकडे धावायचं. ऑफिसमधून दमून यावं आणि बाळाने तोंड फिरवावं, फार तुटायचं आतून. ताईंच्या ते लक्षात आलं. त्या स्वतःहून म्हणाल्या, तुम्ही आलात की मी तासभर खाली फिरून येते, तुम्ही दोघंच राहा. पहिले काही दिवस बाळ तो तासभर रडलं. आता मी कुलूप उघडते त्या आवाजाने दाराशी येतं. माझ्या लेकीला तिची आई या बाईंनी मिळवून दिली, असं मी मनापासून मानते.

बाणेरच्या ताई पुन्हा

कॅमेऱ्याचं मला महिन्यानं कळलं. सांगितलं असतं तर काय वाटलं नसतं. न सांगता बगत व्हते, ते वाईट वाटलं. या वाकडच्या ताईनं केलं तसं समद्यांनी करावं.

मूळ परभणी जिल्हा, आता हडपसर

माझी मुलगी गावाला आईपाशी असते. इथली मुलगी जवळपास तिच्याच वयाची. इथलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी समोर हात पसरून बसले होते. माझीचं पाऊल आईने फोनवर दाखवलं, तेही रेंज गेल्याने अर्धवट. इथलीला घास भरवताना माझी जेवली असेल का, हे मनात येतंच. ते येऊ नये म्हणून मी आधी फार धडपड करायची. आता येऊ देते आणि घास भरवत राहते.

मुलीशी बोलायची वेळ मी ठरवून घेतली आहे, संध्याकाळी बाळाला खाली बागेत नेण्याआधी. ताईंना माहीत आहे, त्या वेळात त्या हाक मारत नाहीत. ही एक गोष्ट मिळाली म्हणून मी टिकले.

आषाढीला आई दिंडीत चालते. ज्ञानोबारायांची पालखी भवानी पेठेतला मुक्काम उरकून हडपसरवरून दिवे घाटाकडे निघते. त्या दिवसाची सुट्टी मी बरीच आधी सांगून ठेवते आणि पहाटेच गाडीतळाला जाऊन उभी राहते. यंदा आईने मुलीला बरोबर आणलं होतं, दिंडीच्या ट्रकमध्ये बसवून. ती मला ओळखेना, आजीच्या पदराआड लपली. मी खाली बसले तर तिच्या चपला दिसल्या. लहान झालेल्या, टाचा मागून बाहेर. रोज बोलतो आम्ही, पण फोनवर तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत. तिथेच रस्त्यावरच्या दुकानातून नव्या घेतल्या, एक नंबर मोठ्या. त्या घालून चालून दाखवायला लागली, आणि चालत चालत माझ्याकडे आली. आता मी आईला दर महिन्याला तिचं पाऊल कागदावर आखून त्याचा फोटो पाठवायला सांगते.

मूळ माण तालुका, सातारा

मला ब्युरोतून आलेला वाईट अनुभव सांगायचा आहे. पहिल्या पगारातला निम्मा त्यांनी कापला आणि मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं. काम सांगितलं बाळाचं. प्रत्यक्षात रात्री बाळ, दिवसा भांडी-फरशी आणि वर पाहुण्यांचा चहा. "बाळ झोपल्यावर तू काय करतेस?" असं विचारायचे. बाळ झोपलं की मीही झोपते, नाहीतर रात्री बाळ हातात असताना माझा डोळा लागेल, असं मी सांगितलं. पटलं नाही. महिना भरला आणि सोडलं. कार्ड परत द्यायला ब्युरो टाळाटाळ करत होता. घरकामगारांच्या संघटनेतल्या एक ताई सोबत आल्या, तेव्हा पाच मिनिटांत मिळालं. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

धागा सुरू करणारी

माणच्या ताईंच्या निमित्ताने कायद्याचं सांगते. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. बाळ सांभाळणारी बाईही त्यात येते. वय १८ ते ६० असेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात नाव नोंदवता येतं, जरूर नोंदवा. पण हा कायदा पगार, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी ठरवून देत नाही. म्हणून वाकडच्या ताईंसारखं पान लिहून घ्या, त्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

आणि हे प्रत्येकीने लक्षात ठेवा. कामाच्या घरी कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणारी बाईसुद्धा आहे. जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते. तातडीची वेळ असेल तर ११२ ला फोन. घर सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

दांडेकर पूल

माझी आई १९८० च्या संपात होती. पुण्यातल्या मोलकरणींनी कामं बंद ठेवली आणि त्यातून संघटना उभी राहिली. आई सांगायची, तोपर्यंत ताप आला तरी कामावर जावं लागे. आज पगारी सुट्टी आणि दिवाळीला एक पगार मागताना कुणाची मान खाली जाऊ नये, ते आयतं मिळालेलं नाही.

मी स्वतः सदाशिव पेठेत आणि सहकारनगरला मुलं सांभाळली. मूल शाळेत जायला लागलं की आपलं काम संपतं, ते घरच्यांनी दोन-तीन महिने आधी सांगावं. मुलालाही सांगावं. एका घरी मुलाला न सांगता मला थांबवलं, तो किती दिवस दाराशी बसून होता असं नंतर कळलं. मुलाला फसवू नये.

यवतमाळ जिल्हा, अजून निघाले नाही

पुढच्या महिन्यात खराडीला कामाला येत आहे, बाळ चार महिन्यांचं आहे. पुण्यात कधी आले नाही. काय सोबत आणू आणि घर कसं शोधू?

खराडीच्या ताई

एसटीने या, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. विदर्भाकडच्या बऱ्याच गाड्या वाकडेवाडीला थांबतात, चालकाला आधी विचारून ठेवा. तिथून खराडी लांब आहे, रात्री पोचत असाल तर घरच्यांना घ्यायला यायला सांगा, सांगायला संकोच करू नका. सुती कपडे आणा, बाळाला टोचेल असं काही अंगावर नको, बांगड्याही काचेच्या नकोत. स्वतःची चादर आणि रोजचं औषध आणा. निघण्याआधी फोनवर चार गोष्टी पक्क्या करा: झोपायची जागा, सुट्टीचा वार, रात्रीचं कोण बघणार, आणि बाळाशिवाय दुसरं काम आहे का. मी खराडीतच आहे, रविवारी दुपारी मोकळी असते. आलात की इथे कळवा, मी येऊन भेटते.