सोलापूरकर, सरकारनं तुमच्या घरापर्यंत काय पोचवलं?

काल रात्री अडीचला नळ आला. पिंप, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. १९८० साली पुरं झालेलं उजनी धरण, तिथून शंभरेक किलोमीटरवरनं पाणी माझ्या मोरीत येतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही चावीवाल्याच्या मर्जीनं! झोप उडाली ती उडालीच, म्हणून विचारते: पाणी, रेशन, घर, काम, यातलं तुम्हाला काय मिळालं, कुठे अडलं? पक्षांची भांडणं नकोत. घरातलं लिहा.

पूर्वभागवाली
अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. पानं कापून, तंबाखू भरून बोटं गुळगुळीत झालीत. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटतच नाही. २०१३च्या कायद्यानं माणशी ५ किलो धान्य, २०२३पासून तेही फुकट. सगळं खरं. पण दुकानदार म्हणतो, "मावशी, हात धुऊन या." धुतले. "पदराला पुसा." पुसले. मग दहाही बोटं लावून झाली, मागे रांग कुरकुरायला लागली. ओटीपी मागवला तर तो भावाच्या मोबाईलवर, भिवंडीला, आणि भाऊ मागावर. अम्मा घरी येऊन म्हणाली, "हजार विड्या मोजून घेताना, खराब विड्यांची छाट काढताना, ह्याच बोटांचं काम चालतं की."

सांगोलेकर
बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आज्जीनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मुलांना सुकडी मिळायची. त्याच कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. आज्जीला कुणी 'सरकारी मदत' म्हटलेलं खपायचं नाही. "आमी फोडल्याली खडी हाय, तिच्यावरनं एष्टी जाती," म्हणायची.

कुंभारी
२००६ला गोदूताई परुळेकर वसाहतीत घराची चावी मिळाली. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. आमचेही पैसे होते त्यात, फुकट नाही. भाड्याच्या खोलीत मालकीण रात्री नऊला दिवा घालवायची. इथं पहिल्या रात्री आई मुद्दाम बारापर्यंत दिवा लावून बसली. पण कारखाना शहरात, पानं तिथूनच आणायची. रिक्षाला पैसे जातात ते जातातच.

जुळे सोलापूर
सगळं सरकारनंच द्यायचं का? आम्ही पदरचे पैसे घालून बोअर मारला.

धागाकर्ती
आणि मे महिन्यात तो आटला की टँकर कुणाला मागता?

जुळे सोलापूर
मागतो. कर भरतो ना.

धागाकर्ती
मग झालं तर!

सांगोलेकर
पूर्वभागवाली, कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो. तुम्हीच जा की दुकानात.

पूर्वभागवाली
लग्नानंतर माझं नाव कमी केलं. कार्डावर आता अम्मा आणि भाऊ, दोघंच. भाऊ दिवाळीला येईल.