मदत हवी आहे: ‘कागज के फूल’ची न कापलेली प्रत

गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा) चित्रपट. त्याची पूर्ण २.३५:१ (रुंदी:उंची) चौकट असलेली डीव्हीडी किंवा ब्लू-रे कोणती, कुणी खात्रीने सांगू शकेल का?

१९२०×१०८० च्या पडद्यावर वर-खाली साधारण १३० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा काठोकाठ भरला, तर रुंदीचा जवळजवळ चौथा भाग गेला असं समजा. जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत तर ४० टक्क्यांहून जास्त. चेहरे लांबुळके दिसत असतील, तर चित्र बहुधा नुसतं दाबलेलं असतं आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ ही कळ दाबून गुणोत्तर बदललं की ताळ्यावर येतं. कापलेल्या कडा मात्र कशानेच परत येत नाहीत.

पारखायला ‘वक्त ने किया’ उत्तम. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांनी आत आणलेला तो प्रकाशझोत आणि वहीदा-गुरुदत्तमधलं रिकामं अंतर, यातच गाण्याचा जीव आहे. चौकट अरुंद झाली की ते अंतरच उरत नाही!

शक्यतो या गाण्यातली एक फ्रेम मूळ आकारात टाका, सोबत प्रकाशकाचं नाव आणि फ्रेमचा वेग. सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम असतील तर चित्रपट जरा वेगाने चालतो आणि गीता दत्तचा आवाज किंचित चढा लागतो.