इम्प्लांट टायटॅनियमचा की झिरकोनियाचा? हाडाचं काय?

पाणकणीस : आईची खालची दाढ काढलीय, तिथे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात घालायचा स्क्रूसारखा खुंट, बसवायचाय. एक डॉक्टर टायटॅनियम म्हणतात, दुसरे झिरकोनिया (पांढरं सिरॅमिक), कारण त्यात हिरडीतून काळसर झाक दिसत नाही. मला खटकतो तो ताठपणा. जबड्याचं बाहेरचं कठीण हाड साधारण 15 गिगापास्कल (हे ताठपणाचं माप), टायटॅनियम 110, झिरकोनिया 200च्या आसपास. सगळा भार खुंटानेच पेलला तर हाडाला कामच उरत नाही आणि ते विरळ होतं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात हे होतंच. मग 3-4 गिगापास्कलचं पीक (PEEK) नावाचं पॉलिमर का नको?

यंत्रशाळा : साफ असहमत. खुब्याचा दांडा लांब असतो, तो नियम दाताला जसाच्या तसा लावू नका. इम्प्लांटभोवतीचं हाड आधी झिजतं ते खुंटाच्या मानेशी, वरच्या एकदोन आट्यांपाशी. संगणकावरच्या मॉडेलला तिरका भार द्या, सर्वाधिक ताण तिथेच दिसतो. खुंट लवचीक असला की तो वर वाकतो, भार खालपर्यंत पोचत नाही आणि मानेशी ताण आणखी वाढतो. शिवाय साध्या पीकला हाड नीट धरतही नाही.

रानजाई : मॉडेलवर इतका भरवसा नको. त्यात बहुतेकदा हाड आणि इम्प्लांट शंभर टक्के चिकटलेले धरतात, शिवाय हाड सगळ्या दिशांनी सारखंच. खरं हाड जिवंत असतं, भार बघून स्वतःला घडवतं. म्हणून तर नायोबियम-झिरकोनियम घातलेले, कमी ताठ टायटॅनियमचे मिश्रधातू शोधताहेत. पीक नको हे मान्य, पण म्हणून ताठपणा गौण ठरत नाही.

यंत्रशाळा : गौण नाही, पण पहिला मुद्दाही नाही. स्वीडनमध्ये आधुनिक दंत-इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला बसवलेले साध्या टायटॅनियमचे इम्प्लांट त्याच्या शेवटापर्यंत, 40 वर्षं टिकले. ताठपणाच हाड खात असता तर हे झालं नसतं.

दंतसेवक : मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो. खऱ्या दाताभोवती लिगामेंटची (लवचीक तंतूंची) गादी असते, इम्प्लांटला नसते. दाबल्यावर दात जेवढा खाली बसतो त्याच्या कितीतरी कमी इम्प्लांट हलतो. म्हणून कॅप बसवल्यावर 8 मायक्रॉनची शिम पट्टी (अतिपातळ पत्रा) दातांमध्ये धरून बघतो : हलकं चावलं तर पट्टी सुटून यायला हवी, घट्ट चावलं तरच अडकायला हवी. हलक्या चाव्यातच अडकली तर कॅप उंच आहे, आणि प्रत्येक घासाला मार मानेशीच बसणार, धातू कुठलाही असो. पाणकणीस, आई रात्री दात खाते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि इम्प्लांटची जाडी विचारा. दाढेच्या जागी हाडाची रुंदी पुरत असेल तर बारीक इम्प्लांट घालू देऊ नका.

रानजाई : जाडीचं पटलं. पण झिरकोनियाचं काय? एकसंध असेल, म्हणजे खुंट आणि वरचा भाग एकाच तुकड्यात, तर हिरडीखाली झाकून हाड धरेपर्यंत थांबता येत नाही, जीभ-गाल-घास पहिल्या दिवसापासून लागतात. दाढेला मी तरी तो नाकारीन.

पाणकणीस : झाकेचा प्रश्न दाढेला फारसा नाहीच, टायटॅनियमच घेऊ. पण ताठपणाबद्दलचं माझं मत कायम आहे.