लॉस्ट: लेखकांनी पाडलेली भोकं आणि आपली ठिगळं

रात्रपाळी
इशारा: 'लॉस्ट' ही अमेरिकी मालिका अजून पाहायची असेल तर इथूनच मागे फिरा. खाली सगळा शेवट फोडला आहे.

सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशिॲनिक ८१५ विमान २२ सप्टेंबर २००४ ला बेटावर कोसळलं, मालिका २३ मे २०१० ला संपली, आणि आपली भांडणं अजून चालू आहेत. चालू द्या. माझी तक्रार एवढीच, की या मालिकेत कोड्यांच्या दोन जाती आहेत आणि चाहते त्यांना एकाच पंगतीला बसवतात.

पहिल्या जातीत उत्तर कुणी तोंडाने सांगत नाही, पण पुरावा पडद्यावर असतो. बेटावर गरोदर राहिलेल्या बायका का मरतात? डॉक्टर ज्युलिएटला बेटावर आणलं ते याच कामासाठी. पाचव्या सीझनमध्ये हीच ज्युलिएट, काळात मागे जाऊन, १९७७ साली एमीचं बाळंतपण करते. बाळ-बाळंतीण सुखरूप, आणि ते बाळ म्हणजे पहिल्या सीझनमध्ये भेटलेला ईथन! म्हणजे तोवर बेटाला हा दोष लागलेला नव्हता. त्याच वर्षी 'स्वान' या भूमिगत संशोधन केंद्राच्या खोदकामात चुंबकीय शक्ती मोकळी होऊन ती दुर्घटना होते. जुळवा तुम्हीच. असं कोडं घातलं की लेखकाला सलाम.

दुसरी जात म्हणजे वॉल्ट, विमानातला लहान मुलगा. याच्यापाशी पक्षी येऊन आपटून मरतात, हा सहप्रवासी लॉकला 'ते उघडू नकोस' म्हणून बजावतो, बेटावर आधीपासून राहणारे 'अदर्स' याला भर समुद्रातून पळवून नेतात. आणि पुढे? काही नाही. बेटावर जेमतेम दोन महिने उलटतात तोवर काम करणारा मुलगा खऱ्या आयुष्यात दोन वर्षांनी मोठा झालेला, म्हणून त्याला गोष्टीतून बाहेर काढलं. विमानातल्या लिबीचंही तेच. दुसरा प्रवासी हर्ली पूर्वी होता त्या मनोरुग्णालयात ती बसलेली दाखवतात, का ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. या गूढ जागा नाहीत. ही भोकं आहेत, आणि 'वॉल्ट हाच खरा जेकब, म्हणजे बेटाचा रक्षक' वगैरे थिअऱ्या काढून आपण त्यांना ठिगळं लावत बसलोय.

कडू_कारलं
असहमत, आणि जोरात असहमत. मायकल इमर्सनला 'अदर्स'चा म्होरक्या बेन याच्या भूमिकेसाठी सुरुवातीला तीनच भागांपुरतं घेतलं होतं. काम इतकं जमलं की तो शेवटपर्यंत राहिला. नायक जॅकला तर पहिल्याच भागात मारायचं ठरलं होतं. मग बेन आणि जॅक हेही निर्मितीतले अपघातच की! अपघात चांगला वळला तर प्रतिभा, वाईट वळला तर भोक, हा कुठला न्याय?

रात्रपाळी
न्याय साधा आहे. बेनला ठेवल्यावर त्याची गोष्ट लिहिली. वॉल्टला काढल्यावर लिहिली नाही.

चिंगी
अहो पण तिसऱ्या सीझनच्या शेवटी लॉक त्या खड्ड्यात प्रेतांमध्ये पडलेला असतो, तेव्हा जो उंच वॉल्ट दिसतो तो धुराचा राक्षस असणार ना? त्याला लॉक जिवंत हवाच होता. हे मला तरी पटतं.

रात्रपाळी
चिंगीताई, तो राक्षस मेलेल्यांचीच रूपं घेतो: एकोचा भाऊ, जॅकचे वडील, बेनची मुलगी ॲलेक्स, नंतर खुद्द लॉक. वॉल्ट तेव्हा जिवंत होता आणि बेट सोडून गेलेला होता. नियम मालिकेचाच आहे, माझा नाही.

चिंगी
मग वॉल्ट स्वतःच असेल! विमानातल्या शॅननला ओलाचिंब दिसला होता तेव्हा तरी तो कुठे मेला होता? अदर्सच्या ताब्यात होता. म्हणजे हे त्याला जमतं.

रात्रपाळी
हं. हे आधीच्यापेक्षा बरं आहे.

उगाच_एक
कशाला एवढा काथ्याकूट? सगळे पहिल्याच अपघातात मेले होते. विषय संपला.

कडू_कारलं
आला, दरवेळचा पाहुणा आला. अहो, शेवटच्या भागात जॅकचे वडील त्याला स्वच्छ सांगतात की जे घडलं ते सगळं खरं, आणि कुणी तुझ्याआधी गेलं तर कुणी तुझ्यानंतर फार उशिरा. मरणोत्तर भाग फक्त सहाव्या सीझनमधली ती समांतर गोष्ट. श्रेयनामावलीमागे रिकाम्या किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दिसले म्हणून तुम्ही फसलात. ती दृश्यं एबीसी वाहिनीने जोडली होती, लेखकांनी नाही.

आणि रात्रपाळी, वॉल्टचं म्हणाल तर डीव्हीडीवर साधारण बारा मिनिटांचा 'द न्यू मॅन इन चार्ज' आहे. त्यात बेन आणि हर्ली वॉल्टला हर्लीच्याच त्या मनोरुग्णालयातून बाहेर काढतात, बेटावर काम आहे म्हणून. घ्या उत्तर.

रात्रपाळी
पहिल्या सीझनला पडलेलं भोक, त्याचं ठिगळ शेवटच्या भागानंतर वेगळ्या तबकडीवर विकायचं! यालाही उत्तर म्हणत असाल तर बोलणं खुंटलं.

कडू_कारलं
बरं, मग तुमच्या दोन जातींत ती होडी कुठे बसते ते सांगा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पाचव्या सीझनमध्ये सॉयर, ज्युलिएट, लॉक वगैरे मंडळी काळात गटांगळ्या खात असतात. किनाऱ्यावर दोन होड्या, एकीत आजिरा विमान कंपनीची पाण्याची बाटली, म्हणजे त्या कंपनीचं विमान बेटावर उतरलं ते वर्ष २००७. एक होडी घेऊन ही निघतात, दुसऱ्या होडीतून कुणीतरी गोळ्या झाडत मागे लागतं, ज्युलिएट उलट गोळी झाडते, कुणाला तरी लागल्यासारखी वाटते, आणि काळ पुन्हा उडी मारतो. झाडणारे कोण, ते कधीच दाखवलं नाही. पण मालिकेचा निर्माता-लेखक लिंडेलॉफने नंतर सांगितलं की तो प्रसंग लिहून तयार होता, मुद्दाम घेतला नाही. म्हणजे उत्तर आहे, आणि ते हेतूपूर्वक लपवलंय. हे भोक की गूढ?

रात्रपाळी
तिसरी जात. खोडसाळपणा.

चिंगी
आजिराच्या विमानातून आलेल्या इलानाची माणसं असणार. लॉकचं प्रेत पेटीत घालून तीच होडीने आली होती की!

कडू_कारलं
त्या होडीत वैमानिक फ्रँक होता. ज्या सॉयरने हेलिकॉप्टरचं वजन कमी व्हावं म्हणून समुद्रात उडी टाकली, त्याच्यावर फ्रँक गोळ्या झाडू देईल? पुढच्या होडीत डॅनियल, माइल्स, शार्लट, म्हणजे फ्रँकच्याच बोटीवरचे सोबती. शिवाय इलानाच्या टोळीत गोळी लागलेला माणूस कुठाय?

उगाच_एक
बेटाच्या मागे लागलेल्या विडमोरची माणसं.

रात्रपाळी
त्यांच्याकडे पाणबुडी होती हो. ती वल्ही कशाला मारतील?